पळीभर तेल

चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत पाटणादेवीचे ठाणे आहे. नवरात्रात इथे खानदेशातून आणि घाट ओलांडून मराठवाड्यातून माणसे येतात, देवीपुढे नारळ फोडतात, नदीकाठी डबे सोडतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. याच पाटणच्या भवानीच्या देवळात सापडलेला एक शिलालेख आहे. खानदेशातल्या शास्त्रीय संशोधनावरच्या या लेखसंग्रहाची सुरुवात मला त्या शिलालेखापासून करावीशी वाटते, कारण या संग्रहात जे पुन्हा पुन्हा येणार आहे ते सारे त्या एका दगडावर आधीच आहे.

लेख सांगतो तो असा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ यांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ उभा केला. यादवांचा मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहण लागले असताना, सगळ्या लोकांच्या समक्ष हातावर पाणी सोडून त्या मठाला दान दिले. इथवर संस्कृत. मग लेखाची भाषा बदलते आणि मजकूर मराठीत सुरू होतो. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला, ब्राह्मणांचे जे येणे असेल ते त्यांनी मठाला दिलेले, नगराने आपला भाग दिलेला, गिऱ्हाइकाकडून सुपारी, आणि जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे एकेक पळी तेल.

राजाने विद्येला दान दिल्याचे ताम्रपट आणि शिलालेख महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. मला अप्रूप वाटते ते या पळीचे. ग्रहगणिताच्या अभ्यासासाठी पाटणचा तेली तेल देत होता, आणि ज्याने द्यायचे त्याला कळावे म्हणून तो भाग त्याच्या भाषेत कोरला होता. मठात बसून कोणी ग्रहांचे मध्यम-स्पष्ट काढी, कोणी ग्रहणाचा स्पर्श-मोक्ष मांडी. तेल्याला त्यातले गणित येत नसेल, पण या घरात काय चालते आणि आपण त्याला काय देतो हे त्याला ठाऊक होते. विज्ञानाकडे लोकांचे लक्ष नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पाटणचा लेख वाचल्यापासून मला ही तक्रार अपुरी वाटते. ज्यात आपला वाटा आहे त्याकडे माणूस लक्ष देतोच. म्हणून आधी पाहावे ते हे की, आपण त्याला वाटा किती दिला. या संग्रहाला एकच म्हणणे जोडायचे झाले तर माझे म्हणणे एवढेच आहे.

आता हा दगड वाचला कोणी? डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर होते, दिवसभर रुग्ण तपासत, महारोगावर औषध शोधत आणि उरलेल्या वेळात नाणी, लेणी आणि शिलालेख यांच्यामागे हिंडत. १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या काळनिर्णयावर त्यांनी जो निबंध लिहिला त्यात पाटणच्या लेखाची जगाला ओळख झाली. पुढे संस्कृतचे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्याच खंडात त्याचे रीतसर संपादन केले. पण एकट्या लिपितज्ज्ञाला हा लेख पुरा लागत नाही. त्यात शके ११२८ असा आकडा आहे आणि संवत्सर प्रभव सांगितला आहे. आपल्याकडच्या चालू गणनेत ही जोडी बसत नाही. प्रभव येतो त्याच्या पुढच्या वर्षी. मग आकडा खरा की संवत्सर? निवाडा ग्रहण करते. श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा योग गणिताने शोधला की ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख हाती येते, आणि ती प्रभव संवत्सरात पडते. ज्यांच्या विद्येसाठी मठ उभा राहिला त्यांच्याच शास्त्राने त्या मठाच्या दानपत्राची तारीख पक्की झाली. शेवटच्या मराठी भागातले वाक्य न् वाक्य भाषेच्या अभ्यासकाला हवे असते, कारण ज्ञानेश्वरीच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे आधीची व्यवहारातली मराठी इथे दिसते. आणि मठाला मिळणाऱ्या हिश्श्यांची यादी अर्थशास्त्राच्या माणसाला हवी असते. दगड एक, पण त्यापुढे चार विद्यांची माणसे शेजारी शेजारी बसल्याशिवाय तो बोलत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला जरूर वाटते. भास्कराचार्य पाटणलाच जन्मले, इथेच राहिले, असे या भागात अभिमानाने सांगितले जाते. शिलालेख तसे म्हणत नाही. तो नातवाच्या मठाचा लेख आहे. भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जलविड असे सांगितले आहे आणि ते नेमके कोणते यावर विद्वानांत एकमत नाही. पाटणचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. उलट, एका थोर गणितज्ञामागे त्याची विद्या चालू राहावी म्हणून एका गावाने कर बसवून घेतला, ही गोष्ट जन्मस्थानाच्या मानाहून मला अधिक मोलाची वाटते. अभिमान पुराव्याच्या पुढे धावू लागला की लोकांचे लक्ष मिळते खरे, पण ते विज्ञानाला मिळत नाही.

पाटणचे दुसरे आश्चर्य याहून कितीतरी जुने आहे. याच परिसरात पुरातत्त्वज्ञ श. अ. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केले आणि उत्तर पुराश्मयुगाच्या थरात त्यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्या-तिरप्या रेघा कोरलेला कवचाचा एक तुकडा मिळाला. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. चाळीसगाव तालुक्यात शहामृग! ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो की, हे शहामृगाचेच कशावरून? तो प्रश्न शास्त्रज्ञांनाही होता. कवचाची जाडी, त्यावरची सूक्ष्म छिद्रे, किरणोत्सर्गी कार्बनवरून काढलेले वय हे सारे पाहून पुरातत्त्वज्ञ एका निष्कर्षाला आले होते. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या अशा जुन्या कवचांतून डीएनए मिळवला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाच्या जवळचा असल्याचे दाखवून दिले. मणी घडवणाऱ्या माणसाविषयी पुरातत्त्व बोलते, पक्ष्याविषयी जनुकशास्त्र बोलते, आणि शहामृग हिंडत होता म्हणजे इथे झाडी किती आणि माळ किती होता हे हवामानाच्या इतिहासाला विचारावे लागते.

विद्यापीठात विषयांची दालने वेगळी असतात आणि ती असावीतही. एका विषयात खोल उतरल्याशिवाय दुसऱ्याशी बोलण्यासारखे काही जवळ नसते. आंतरविद्याशाखीय हा शब्द अर्जांत आणि अहवालांत हल्ली फार दिसतो. पण खानदेशातली उदाहरणे पाहिली की कळते, विषय एकत्र आणायचे म्हणून कोणी एकत्र आणले नव्हते. प्रश्न जागेचा होता. त्या जागेवर ज्याला त्याला आपापले हत्यार घेऊन जावे लागले.

याचे सर्वांत रोमहर्षक उदाहरण सातपुड्याच्या पायथ्याचे आहे, आणि त्याची हकीकत सावकाश सांगण्यासारखी आहे.

रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. त्यानंतर त्याचे जे मोजके नमुने जमले त्यांतले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याकडच्या रानांत मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी नाहीसा झाला. शोधणाऱ्यांनी शोधले, हाती काही आले नाही. त्यानंतरच्या काळातला एकच पुरावा लंडनच्या संग्रहालयात होता: रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दिलेला नमुना, त्याच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतले मांडवी हे गाव. साहजिकच लोक गुजरातेत शोधत राहिले.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन यांना त्या चिठ्ठीचा संशय आला. त्यांनी पक्षी रानात शोधण्याआधी कपाटात तपासला. पेंढा भरलेल्या कातडीचे क्ष-किरणांनी फोटो घेतले, आतला कापूस पाहिला, टाके पाहिले. कातडी एकदा उसवून पुन्हा शिवलेली निघाली, आणि मुळातली भरण्याची ढब डेव्हिडसनची होती. म्हणजे खानदेशात मिळालेला जुना नमुना संग्रहालयातून उचलून, नवी चिठ्ठी बांधून, आपला म्हणून परत ठेवला गेला होता. मांडवी खोटी ठरली आणि नकाशावर उरला तो डेव्हिडसनचा खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी बेन किंग, डेव्हिड ॲबट आणि रासमुसेन यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उघड्या झाडावर भर उजेडात बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ ला.

या हकीकतीत पक्षिशास्त्र किती आहे आणि गुन्ह्याचा तपास किती, कागदपत्रांचा इतिहास किती? वेगळे काढता येत नाही. आणि तरीही ती अर्धीच आहे. हा पक्षी हरवला होता तो संग्रहालयांच्या लेखी. भिल्ल-पावऱ्यांच्या वस्त्यांभोवतीच्या सागाच्या रानात तो नांदतच होता. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ, मेळघाट, यावल अशा ठिकाणी त्याच्या नोंदी केल्या, त्याचे खाणेपिणे आणि घरटी यांचा अभ्यास केला. त्या कामात वाट दाखवायला, ढोलीचे झाड ओळखायला स्थानिक माणूस लागतोच. आणि रानपिंगळा टिकायचा तर सागाचे विरळ रान टिकले पाहिजे. रान टिकायचे तर तिथे नांगर धरणाऱ्या माणसाच्या जमिनीचा, २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या त्याच्या दाव्याचा विचार झाला पाहिजे. पक्षिमित्र आणि वनहक्कांचे कार्यकर्ते एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले, तर दोघांचेही नुकसान होईल असे मला मनापासून वाटते. इथे समाजशास्त्र हे पक्षिशास्त्राचे परिशिष्ट नाही.

रान आणि त्यात राहणारा माणूस यांचा मेळ साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने करून दाखवला आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेले शेकडो हेक्टर रान राखून पुन्हा उभे केले. तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. गावातल्या बाया रानातून भाज्या आणतात, रांधतात, कोणती केव्हा खुडायची आणि कशी शिजवायची ते सांगतात. वनस्पतिशास्त्राचे आणि आहारशास्त्राचे अभ्यासक तिथे टिपणे घेतात. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बारीपाड्याचे नाव सगळीकडे गेले, पण त्या आधीची कितीतरी वर्षे काम तसेच चालू होते.

धुळे जिल्ह्याने जगाला दाखवावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे पांझरेवरची फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वी दगडी बंधारे घातले गेले. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि भिजणारे क्षेत्र फडांत वाटलेले असते. एका फडात एका हंगामाला एकच पीक. ऊस असेल तर सगळ्यांचा ऊस, गहू असेल तर सगळ्यांचा गहू. दरसाल पिके फडांतून फिरती. आपल्या तुकड्याला स्वतः पाणी लावायला शेतकऱ्याने जायचे नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाणी देतो, त्याच्यावर हवालदार देखरेख करतो, उभ्या पिकाची राखण जागल्या करतो. पाटाची दुरुस्ती भिजणाऱ्या सगळ्यांनी मिळून करायची. सगळा फड एकाच पिकाचा असल्यामुळे पाणी एका दमात फिरते, मुरून वाया कमी जाते, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत पाळीवरून तंटा कमी होतो.

स्थापत्याच्या अभियंत्याने हे पाहिले तर त्याला बंधाऱ्याची जागा आणि पाटाचा उतार दिसेल. कृषिशास्त्रज्ञाला फेरपालट दिसेल, समाजशास्त्रज्ञाला पाणीवाटपाचा कायदा दिसेल. पाटकऱ्याच्या लेखी हे सगळे मिळून एक काम होते. वरच्या बाजूला मोठी धरणे झाली, पांझरेच्या प्रवाहावरचा हक्क बंधाऱ्याकडून खात्याकडे गेला, विहिरी आणि पंप आले, आणि बऱ्याच गावांत फड मोडले. धरणांची गरज मी नाकारत नाही. पण धरण आखताना फडाचे शास्त्र हिशेबात धरले गेले असते तर पाणीवापर संस्था नव्याने शिकवाव्या लागल्या नसत्या, असे मला वाटते. ज्याला आपण लोकसहभाग म्हणून योजनेच्या शेवटच्या पानावर लिहितो, ते इथे बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून होते.

आणि आता तापीच्या उत्तर काठाकडे, जिथे प्रश्न आजचा आहे आणि थांबायला सवड नाही.

रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक सिंचन यांनी या पट्ट्याची शेती बदलली आणि त्या बदलाचे केंद्रही जळगावच राहिले. या केळीला पाणी कुठून मिळते ते समजायला जमिनीची घडण पाहावी लागते. सातपुडा जिथे संपतो तिथे भूस्तरभंग आहे. त्याच्या बाजूने जमीन खचली आणि खचलेल्या खोलगटात गाळाचे जाड थर साचले. चोपड्याकडे अडावदजवळ उनपदेवाला गरम पाण्याचे झरे आहेत. तेही या भंगाचीच खूण मानले जातात. डोंगराच्या पायथ्याला गोटे-वाळूचा जो पट्टा आहे त्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात. पावसाळ्यात सातपुड्यातून उतरणारे नाले या पट्ट्यात पाणी जिरवतात आणि तेच पुढे केळीच्या विहिरींना मिळते. पण उपसा जिरण्यापेक्षा जास्त झाला. रावेर-यावलची भूजल पातळी वर्षानुवर्षे खोल जात राहिली आणि हे तालुके अतिउपशाच्या यादीत गेले. ठिबकने झाडामागे पाणी वाचले, तरी वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली.

बझाड्यात तापीचे पुराचे पाणी सोडून जमिनीत भरायचे, ही महापुनर्भरणाची कल्पना बरीच वर्षे चर्चेत आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात त्यासाठी करार झाला. भूशास्त्राच्या दृष्टीने कल्पना भक्कम आहे. पण भरलेले पाणी कोणाचे, हे भूशास्त्र सांगणार नाही. ज्याच्या विहिरीला आज पाणी नाही त्याला ते पोचेल, की ज्याची कूपनलिका सर्वांत खोल त्याला? कालवा ज्यांच्या रानातून, शेतातून जाणार त्या आदिवासी गावांचे काय? केळी सोडून दुसरे पीक घ्यावे तर कर्ज, विमा, बाजार आणि मालवाहतूक यांची घडी केळीभोवती बसलेली आहे. हा प्रश्न जलशास्त्राचा आहे तितकाच अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा आहे. शेतकऱ्याला आपल्या विहिरीची पातळी ठाऊक असते, शेजाऱ्याची अंदाजाने ठाऊक असते. सगळ्या शिवाराची मिळून पातळी कागदावर त्याच्यासमोर आली तरच तो उपशाच्या चर्चेत बरोबरीने बसेल. तापीकाठच्या प्रत्येक गावाच्या चावडीवर पर्जन्यमापकाचा आकडा आणि चार-पाच विहिरींच्या पातळ्या लिहिल्या जाव्यात, असे मला फार वाटते. ते काम महाग नाही, अवघडही नाही. गावातली नववी-दहावीची मुले ते करू शकतात.

खानदेशाला अभ्यासाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी शेवटचा श्वास धुळ्यात घेतला, १९२६ च्या ३१ डिसेंबरला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले आणि आजही दप्तरे सांभाळून आहे. बखरी आणि कागदपत्रे यांच्याबरोबरच व्याकरण, स्थलनामे, विवाहसंस्था अशा विषयांत हात घालणारा हा माणूस विषयांच्या कुंपणात कधी मावला नाही. १९९० साली जळगावला विद्यापीठ आले आणि २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. शेताच्या बांधावर उभे राहून निसर्गाकडे निरखून पाहणाऱ्या बाईचे नाव विद्यापीठाला मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

या संग्रहातले लेख क्रमाने वाचण्याची गरज नाही. चाळीसगावकडच्या वाचकाने पाटणपासून सुरुवात करावी, साक्रीकडच्याने पांझरेपासून, रावेरच्या बागायतदाराने थेट पाण्याच्या लेखांकडे जावे. वाचताना आपल्या गावचे काही चुकीचे लिहिलेले आढळले तर कळवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरात पाटकऱ्याची जुनी वही असेल, बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा हिशेब असेल, आजोबांनी विहीर खोदताना कोणत्या हातावर काय लागले ते लिहून ठेवलेले असेल, तर ते रद्दीत घालू नये. त्याची प्रत काढून द्यावी, देणाऱ्याचे नाव लेखकांच्या बरोबरीने छापले जाईल.